मामा, ‘द जंगल’ वाचून झालं

शिकागो, रविवार रात्र

ती. मामास,
शि. सा. नमस्कार.

दर फोनला विचारतोस ना, त्या खाटिकखान्याच्या पुस्तकाचं काय झालं म्हणून? झालं एकदाचं वाचून. फोनवर सांगायला घेतलं की मामी मध्येच गुडघ्याचं काढते, म्हणून लिहितेच. अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ ही कादंबरी, 1906 सालची, इथल्याच खाटिकखान्यांवरची. युनियनच्या अभ्यासवर्गात तुम्हाला त्याची गोष्ट सांगायचे म्हणालास. कुठपर्यंत सांगायचे? पार शेवटापर्यंत सांगितली असती तर निम्मे जण चहाला उठून गेले असते.

रागावू नकोस. अर्ध्याहून जास्त पुस्तक जबरदस्त आहे. लिथुआनियाहून आलेल्या युर्गिसच्या आणि ओनाच्या लग्नाची जेवणावळ गुत्त्यामागच्या हॉलमध्ये चाललेली असते. त्यांच्यात रीत अशी की पाहुण्यांनी जाताना यथाशक्ती पैसे ठेवायचे, म्हणजे खर्च भागतो. इथली पोरं मात्र पोटभर जेवून, नाचून, हळूच सटकतात. नवरी कर्जाच्या धसक्याने पांढरीफटक, आणि युर्गिस तिला म्हणतो, मी अजून जास्त काम करीन. पुढे काय काय होणार ते तिथेच कळतं.

युर्गिसच्या म्हाताऱ्या बापाला कारखान्यात चिकटवून देणारा माणूस त्याच्या पगारातला तिसरा हिस्सा मागतो. हे वाचून तुझ्या गिरणीच्या साचेखात्यातला, माणसं कामाला लावणारा जॉबर आठवला. आणि ते घर! पंधराशे डॉलरचं, तीनशे रोख, बाकी महिना बाराने. शेजारची म्हातारी एके दिवशी सहज सांगते की यावर व्याज वेगळं आहे, महिन्याला सात डॉलर. कागदात लिहिलेलं असतं, पण वाचणार कोण? त्या प्रसंगात ना घोषणा ना भाषण. तरी व्यवस्था म्हणजे काय ते मला जेवढं तिथे कळलं, तेवढं शेवटच्या शंभर पानांत कळलं नाही.

ओना बाळंतपणात जाते. पोरगा घरासमोरच्या रस्त्यात साचलेल्या पाण्यात बुडतो. युर्गिस भटकतो, चोऱ्या करतो, संपफोड्याही होतो. हो, संपात आत जाऊन काम करतो, आणि लेखक त्याला तरीही माणूसच ठेवतो. मला वाटलं, आता हा कुठे पोचतोय बघू.

पोचतो तो सभेत. आधी ऊब मिळावी म्हणून एका राजकीय सभेत शिरतो, घोरायला लागतो आणि बाहेर काढला जातो. इथवर मजा आहे. अठ्ठाविसाव्या प्रकरणात दुसरी सभा, समाजवाद्यांची. तिथेही डुलक्या येतात, पण शेजारची बाई त्याला ‘कॉम्रेड’ म्हणून हाक मारते, ऐकून तर बघा म्हणते. तो ऐकतो, आणि पुस्तक संपेपर्यंत ऐकतच राहतो. बोलणारे बदलतात, हा बहुतेक गप्पच. शेवटच्या प्रकरणात तो मारियाला भेटायला जातो. ओनाची ही नात्यातली बहीण, लग्नात सगळ्यांवर हुकूम सोडणारी दांडगी बाई, आता वेश्यागृहात आणि मॉर्फिनच्या नादात. ती म्हणते, मी आता इथून सुटत नाही. एवढं मोठं दुःख दोनतीन पानांत उरकलं, की लगेच कुणाच्या तरी दिवाणखान्यात चर्चा. तिथे श्लीमान नावाचा स्वीडिश माजी प्राध्यापक भविष्यातल्या समाजाचा हिशेब मांडतो. रोज तासभर काम पुरेल म्हणे. घरोघरी भांडी घासण्यात किती वेळ फुकट जातो तेही काढतो. (तेवढं मामीला जरूर सांग.)

मामा, राजकारण आहे म्हणून मी नाराज नाही. 82 च्या गिरणी संपानंतर आपल्या घरात दुसरं बोलणं तरी काय होतं? पण तूच सांगतोस ना, गेटवर वक्ता लांबला की मागून कोणीतरी ओरडायचं, "आधी बोनसचं बोला!" या पुस्तकातल्या समाजवाद्यांच्या सभांत तसं खेकसणारा मला एकही सापडला नाही. मला फक्त एल्झबिएटा पटली, ओनाची सावत्र आई. तिला समाजवादाचं सोयरसुतक नाही. युर्गिस पीत नाही, पगार घरी आणतो, तर असू दे बापडा. लेखकाने तिला थोडं जास्त बोलू द्यायला हवं होतं.

लोकांनीही भाषणं सोडूनच वाचलं. कामगारांचे हाल बाजूला राहिले आणि सडलेल्या मांसाची मोजकी पानं गाजली. त्याच वर्षी जूनमध्ये मांस तपासणीचा कायदा झाला. सिंक्लेअर नंतर म्हणाला, मी लोकांच्या काळजावर नेम धरला आणि चुकून लागला पोटावर. बिचारा! पण ती पानं त्याने सात आठवडे तिथे राहून, बघून लिहिली होती. श्लीमानचं भाषण कुठे राहून लिहिलं?

पुस्तकातलं ते इथलं स्टॉकयार्ड, म्हणजे कत्तलीच्या जनावरांचा बाजार, 1971 लाच बंद झालं. दगडी फाटक तेवढं शिल्लक आहे, मधल्या कमानीवर बैलाचं मुंडकं. फोटो प्रशांतच्या फोनवर पाठवलेत, त्याच्याकडून बघ.

पुस्तक पाठवत नाही, छपाई फार बारीक आहे. शनिवारी तुझ्या सकाळी फोन करीन आणि लग्नाचं प्रकरण मराठीत सांगत वाचीन. श्लीमानही ऐकायचाच असेल तर ऐकवते, पण मध्ये ‘बोनसचं बोला’ म्हणायचं काम तुझं.

मामीला नमस्कार. गुडघ्याचा एक्स-रे काढलात का ते कळव.

तुझी भाची,
सुमन