एमपीसीच्या सर्किट फाइल्स उघड आणि सगळ्यांच्या फॉरमॅटमध्येच हव्यात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाल्यापासून प्रायव्हसीबद्दल पेपरात बरंच छापून येतं, पण माहिती उघड न करता तिच्यावर हिशोब करणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या फाइल्स कुणाला तपासता येतात का ह्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

दोन हॉस्पिटलांना आपले पेशंट एकमेकांना न दाखवता कॉमन पेशंट किती एवढंच काढायचं असेल तर ते करता येतं, ह्याला सिक्युअर मल्टिपार्टी कॉम्प्युटेशन म्हणतात, थोडक्यात एमपीसी. हे नुसतं थिअरीत नाही, डेन्मार्कमध्ये २००८ साली शुगर बीटच्या शेतकऱ्यांचा लिलाव असाच झाला, कुणी कितीची बोली लावली ते उघड न होता बाजारभाव निघाला.

ह्यातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये सगळा हिशोब आधी अँड, एक्सओआर, इन्व्हर्टर अशा गेट्सच्या, म्हणजे ० आणि १ वर चालणाऱ्या छोट्या क्रियांच्या, सर्किटमध्ये उतरवावा लागतो (हे सर्किट कागदावरचं, तारांचं यंत्र नव्हे), आणि ते सर्किट लिहायला ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी एक साधा टेक्स्ट फॉरमॅट काढला, नंतर त्याचीच सुधारलेली आवृत्ती ब्रिस्टल फॅशन नावाने आली. एका ओळीत एक गेट: आत किती वायरी, बाहेर किती, त्यांचे नंबर आणि शेवटी गेटचा प्रकार, बस. एमपी-स्पीड्झ असो की ईएमपी, एमपीसीच्या ह्या दोन्ही सॉफ्टवेअरना ही फाइल वाचता येते. २००८ मध्ये गार्बल्ड सर्किटमधलं (सर्किट सांकेतिक करून चालवायच्या एमपीसीच्या एका पद्धतीतलं) एक्सओआर जवळजवळ फुकट करायची युक्ती सापडली तेव्हापासून खरा खर्च अँड गेट्सचा, म्हणून एईएस-१२८ ह्या माहिती सांकेतिक करायच्या प्रसिद्ध पद्धतीच्या फाइलमध्ये २८,१७६ एक्सओआर असले तरी लोक आधी बघतात ते ६,४०० अँड, आणि जुन्या फाइलमध्ये ते ६,८०० होते हेही कुणीही मोजू शकतं कारण फाइल सगळ्यांसमोर आहे.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की प्रोटोकॉल, म्हणजे एमपीसीची ठरलेली देवाणघेवाण, फक्त इनपुट लपवतो, आउटपुट काय द्यायचं ते सर्किट ठरवतं. कॉमन पेशंटच्या आकड्याऐवजी सर्किटने पूर्ण यादीच बाहेर काढली तर प्रोटोकॉल एका अक्षराने कुरकुरणार नाही, सगळं गणिती दृष्ट्या सिक्युअरच राहील आणि पेशंटची माहिती मात्र गेलेली असेल! त्यामुळे कंपनी म्हणाली की सर्किट आमच्या स्वतःच्या बंद फॉरमॅटमध्ये आहे तर ती प्रायव्हसी तपासायची कुणी आणि कशी?

फॉरमॅटमध्येही एक उणीव आहे, बिट्स, म्हणजे इनपुटचे ० आणि १, कुठल्या क्रमाने द्यायचे ते सांगायला त्यात जागाच नाही. एईएसच्या जुन्या आणि नव्या फाइलमध्ये हा क्रम चक्क उलटा आहे, बिट ० जिथे होता तिथे १२७, आणि हे फाइल उघडून कळत नाही, वेगळी माहिती वाचावी लागते. चुकीचा क्रम दिला तर प्रोग्रॅम एरर न देता चुकीचं उत्तर देतो.

म्हणून सरकारी खाती, बँका, हॉस्पिटलं असं सॉफ्टवेअर घेतील तेव्हा टेंडरमध्येच लिहावं की सर्किटची फाइल उघड हवी, ब्रिस्टल फॅशनसारख्या सर्वांना वाचता येणाऱ्या फॉरमॅटमध्ये हवी आणि सोबत बिट्सचा क्रम आणि नमुन्याचे इनपुट-आउटपुट हवेत. मग आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजातली शेवटच्या वर्षाची मुलंसुद्धा ती फाइल चालवून बघू शकतील, त्यासाठी कुणा पेशंटचा डेटा लागत नाही.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे