भाषांतरावर तारीख हवीच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१९७८ साली व्हँकूव्हरला जमलेल्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या गटाच्या, म्हणजे ‘आयसीएमजेई’च्या, संशोधन-लेखांचे लेखन व प्रकाशन कसे करावे याविषयीच्या शिफारशी मी मराठीत आणते आहे. त्या शिफारशी गटाच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, पण वेळोवेळी बदलतात. लेखकत्वाची (लेखाचा लेखक म्हणून नाव लागण्याची) चौथी अट, संपूर्ण कामाचे उत्तरदायित्व, २०१३ मध्ये आली. (‘जबाबदारी’ शब्द मला तिथे अपुरा वाटला.) माझ्याकडे तपासायला आलेल्या एका लेखात मात्र तीनच अटी होत्या, आधार होता जुन्या, बिनतारखेच्या भाषांतराचा! म्हणून भाषांतरकारांना कळकळीची विनंती: तारीख घाला, मूळ इंग्रजी आवृत्तीच अधिकृत असल्याचे आणि भाषांतराला त्या गटाची मान्यता नसल्याचे ठळकपणे लिहा. संदर्भ देताना ताजी मूळ आवृत्तीच उघडा.

— एक भाषांतरकार