कास्टिंग कुठे ओतलं जाणार?

अनगोळ, बेळगाव

चि. ओंकार,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू मोठ्या उमेदीने म्हणालास, "बाबा, परदेशी अणुभट्ट्यांच्या ऑर्डरी निघू देत, आपल्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला माणसं पुरणार नाहीत." आवाज तुटत होता, म्हणून मी नुसतं "बघू" म्हटलं. पण ते मनातून जाईना. वितळलेला धातू साच्यात ओतून कास्टिंग करणाऱ्या फाउंड्रीत, मोल्डिंगच्या वाळूत माझी तीस वर्षं गेली. ऑर्डरीची बातमी वाचलीस की आधी एवढंच विचार: कास्टिंग कुठे ओतलं जाणार, आणि ड्रॉइंग कुणाच्या हातात राहणार?

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने त्या जवळजवळ तयारच बांधून दिल्या. आपली माणसं त्या चालवायला शिकली, घडवायला नाही. राजस्थानात रावतभाट्याला कॅनडाची मदत होती. १९७४ ला पोखरणचा स्फोट झाला आणि कॅनडाने हात काढून घेतला. रावतभाट्याची दुसरी भट्टी आपल्याच लोकांनी पुरी केली, त्याला १९८१ साल उजाडलं. उशीर झाला खरा, पण त्यातच इथले कारखाने शिकले. साखर कारखान्यांची यंत्रं करणारं वालचंदनगर अणुभट्टीचे भाग करायला लागलं.

यात भट्टीची जातही बघावी लागते. आपल्या जड पाण्याच्या भट्टीत इंधन शेकडो नळ्यांत असतं, जाड पोलादाचं एकच अजस्र भांडं लागत नाही. पोलाद दाबून तसलं भांडं घडवणारे प्रेस जगात बोटांवर मोजण्याइतके. कुडनकुळमची भांडी म्हणूनच रशियातून जहाजाने आली. जैतापूरला ठरलेल्या सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉटच्या, त्याही भांड्याच्याच जातीच्या. अशा कामात खोदाई, काँक्रीट, वेल्डिंग, फिटिंग इथल्या माणसांना मिळतं. त्यांच्या मजुरीला मी कमी लेखत नाही, आपल्या गल्लीतली पोरं अशाच साइटवर गेलीत. पण साइट संपली की पेटी उचलून पुढच्या गावाला.

आता आमच्या शॉपची, म्हणजे फाउंड्रीची, गोष्ट. २०१७ मध्ये केंद्राने ७०० मेगावॉटच्या दहा स्वदेशी भट्ट्या एकदम मंजूर केल्या. देशी कारखान्यांना सुमारे ७०,००० कोटींची कामं आणि ३३,४०० वर नोकऱ्या, असं तेव्हा सरकारने सांगितलं होतं. त्यात कैगा ५ आणि ६ होत्या. कैगा म्हणजे खानापूर, रामनगर ओलांडून जोयड्याच्या जंगलापलीकडे, काळी नदीकाठी. आम्हाला ते घरचंच काम वाटलं. एका कंपनीने पंपाच्या केसिंगचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं, सॅम्पल मागितलं, तेही भट्टीच्या आतलं नव्हे, बाहेरच्या पाण्याच्या लाइनचं. तरी प्रत्येक ओतीला कुठल्या रसातली ते सांगणारा हीट नंबर, ताकद तपासायला त्याच रसाचा टेस्ट बार, आतले दोष दाखवणाऱ्या एक्स-रेसारख्या रेडिओग्राफीच्या फिल्मा. फाइल कास्टिंगएवढी जड झाली. पहिलं ब्लोहोलमुळे, आत वायू अडकून पडलेल्या भोकामुळे गेलं, दुसरं श्रिंकेजमुळे, धातू आकसून पडलेल्या पोकळीमुळे. तिसरं पास झालं, त्या दिवशी मालकांनी सगळ्यांना पेढे वाटले. ऑर्डर मात्र "पुढच्या वर्षी" करत करत आलीच नाही. त्या कामासाठी घेतलेली चार पोरं कमी करावी लागली. मीच त्यांना सांगायला गेलो. एकाची बायको दारातच उभी होती, ते अजून विसरलो नाही.

तेव्हा सगळा दोष बाहेरच्यांवर टाकणं मला पटत नाही. घरची ऑर्डरही वेळेवर निघाली तरच पोट भरते. फाउंड्रीला एक मोठी ऑर्डर पुरत नाही, तोच पॅटर्न, साचा करायचा नमुना, पुन्हा पुन्हा लागावा लागतो. दहा एकसारख्या भट्ट्यांची मंजुरी मला म्हणूनच मोलाची वाटली होती.

२०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज करायची, असं २०२५ च्या बजेटात सांगितलं. त्यात परदेशी भट्ट्याही येतील, येऊ देत. मात्र करारात लिहून घ्यावं: किती भाग इथे होणार, ड्रॉइंग देणार का, चाचण्यांचा खर्च कोण सोसणार. आमच्यासारख्या लहान शॉपला तो खर्चच बुडवतो.

आणि तुझ्यासाठी एक मागणं आहे. डिप्लोमाबरोबर एनडीटीचा, म्हणजे वस्तू न तोडता आतले दोष तपासायचा, कोर्स कर, रेडिओग्राफी आणि अल्ट्रासॉनिक दोन्ही. फी मी बाजूला काढून ठेवली आहे. आमच्या फिल्मा वाचायला बाहेरून माणूस यायचा, आणि तो काय म्हणतो याकडे आम्ही सगळे तोंड करून उभे राहायचो. त्या जागी तू असावास.

गणपतीला येशील तेव्हा फडताळातला तो तिसरा टेस्ट बार काढून दाखवतो. आई त्याला गंज लागू नये म्हणून तेलाचं बोट फिरवते. हीट नंबर अजून स्वच्छ वाचता येतो.

तुझे बाबा