अ‍ॅड्रेनालिन आधी द्या: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

मी ठाण्यातल्या एका रुग्णालयात कॅज्युअल्टीत परिचारिका आहे. येऊरला मधमाश्या चावलेली, कोळंबी खाऊन अंगभर गांधी उठलेली, एखादे इंजेक्शन बाधलेली माणसे आमच्याकडे येतात. सोबतच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एव्हिल हे अ‍ॅलर्जीचे औषध आणि डेक्सा हे स्टेरॉइड लिहिलेले असते, अ‍ॅड्रेनालिन नसते.

नुसती खाज असेल तर एव्हिल पुरते. पण घसा सुजला, छाती घरघरली, बीपी कोसळले, की ती अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी अ‍ॅलर्जी. तिथे एव्हिल बीपी चढवत नाही आणि डेक्साला गुण यायला तास लागतात. अ‍ॅड्रेनालिन रक्तवाहिन्या आवळते, श्वासनलिका मोकळ्या करते, सूज उतरवते, आणि तेही काही मिनिटांत.

घोडबंदर रोडवरच्या एका मुलाला ट्रॅफिकमधून रिक्षाने आणले, तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. मनगटाला नाडी लागत नव्हती. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत अ‍ॅड्रेनालिन दिले, सलाईन सुरू केले, पाच मिनिटांनी पुन्हा डोस दिला. थोड्या वेळाने तो ऑक्सिजनचा मास्क ओढून आईला हाका मारू लागला. आधीच्या दवाखान्यात फोन केला तर कळले, अ‍ॅड्रेनालिनचे अँप्युल (काचेची कुपी) कपाटातच होते. ‘हार्टला काही झाले तर?’ म्हणून फोडले नाही.

साहेब, ही भीतीच जीव घेते. हृदय बंद पडल्यावर आम्ही 1 मिलिग्रॅम शिरेतून देतो, दर 3 ते 5 मिनिटांनी. अ‍ॅलर्जीत मोठ्या माणसाला त्याच्या निम्मे, 0.5 मिलिग्रॅम, तेही स्नायूत. या दोन गोष्टींची गल्लत होते. लहान मुलांना वजनाप्रमाणे, किलोमागे 0.01 मिलिग्रॅम.

लसीकरणात रिअ‍ॅक्शन आली तर एएनएम ताईंना (उपकेंद्रातल्या परिचारिकांना) अ‍ॅड्रेनालिनचा पहिला डोस देण्याची मुभा आहेच. तीच मुभा लेखी आदेशाने प्रत्येक ‘आपला दवाखाना’ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला द्या. डोसचा मराठी तक्ता इंजेक्शनच्या टेबलावर लावा, अँप्युलची एक्स्पायरी दर महिन्याला तपासायला लावा. परदेशात रुग्ण खिशात बाळगतात ते ऑटोइंजेक्टर, म्हणजे स्वतःच टोचून घ्यायची तयार इंजेक्शने, इथल्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाहीत. ते परवडणाऱ्या दरात यावेत म्हणून केंद्राकडे पाठपुरावा करा.

आदेश पावसाळ्याआधी निघावा ही विनंती. तेव्हा शहापूर-मुरबाडला सर्पदंश वाढतात, आणि सापाच्या विषावरच्या लसीचीही रिअ‍ॅक्शन येते. ती लस टोचताना अ‍ॅड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून हाताशीच हवे.

आपली,
ठाण्यातील एक परिचारिका