साखरपुड्याची अंगठी घेताना नुसतं कॅरेट बघू नका

संपादक साहेब, नमस्कार.

लग्नसराई आली की पेपरात हिऱ्याच्या अंगठ्यांच्या पानभर जाहिराती येतात आणि सगळ्यात एकच गोष्ट मोठ्या अक्षरात असते, कॅरेट. मी आधी ऑपेरा हाऊसला आणि आता बीकेसीत हिरे असॉर्टिंगचं (प्रतवारी लावायचं) काम करते, रोज डोळ्याखालून पाकिटं जातात, म्हणून कळकळीने लिहितेय, कारण आपल्याकडची पोरं ईएमआय करून अंगठी घेतात आणि त्यातला बराच पैसा नको तिथे जातो.

कॅरेट म्हणजे फक्त वजन. १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. नीट कापलेला १ कॅरेटचा गोल हिरा वरून साधारण साडेसहा मिलिमीटर दिसतो, पण तोच पोटात जाड ठेवला की वजन तेवढंच भरतं, वरून मात्र जेमतेम सहाचा दिसतो आणि उजेड खालून निसटतो म्हणून मधे काळपटही वाटतो. पैसे द्यायचे पूर्ण कॅरेटचे! हिऱ्याच्या लॅब रिपोर्टवर मिलिमीटरचं माप छापलेलं असतं, ते आधी वाचा. गोल हिऱ्याला कट, म्हणजे घडाईचा दर्जा, एक्सलंटच घ्या, तिथे काटकसर नकोच.

काटकसर कलर आणि क्लॅरिटीत (आत डाग किती कमी) करा. कलर डीपासून (अगदी पांढरा) झेडपर्यंत (पिवळसर) मोजतात. व्हाइट गोल्ड किंवा प्लॅटिनम असेल तर जी-एच भरपूर झाला, आणि पिवळ्या सोन्यात तर आय-जेसुद्धा छान पांढरा दिसतो. क्लॅरिटी व्हीएस२ (डाग भिंगातूनच दिसणारा) पुरे, त्याखालचा एसआय१ पण चालतो, फक्त डाग मधोमध नको, कडेला असावा. दुकानातल्या स्पॉटलाइटखाली सगळंच चमकतं हो, अंगठी दारापाशी आणून दिवसाच्या उजेडात बघा, कोणी नाही म्हणत नाही.

आणि भाव कॅरेटमागे असतो, तो अर्ध्याला आणि एकला एकदम उडी मारतो. ९० ते ९५ सेंटचा (१०० सेंट म्हणजे १ कॅरेट) घेतला तर वरून फरक कळतही नाही पण पैसे चांगले वाचतात.

आमच्या नात्यातल्या एका मुलीला एका दुकानात ५० सेंटची अंगठी म्हणून दाखवली, तिने मला फोटो पाठवला, मी म्हटलं जरा झूम करून पाठव, तर ते सात बारीक हिरे फुलासारखे चिकटून बसवलेले, सगळे मिळून ५० सेंट. दिसायला छान होती, पण बारीक हिऱ्यांचा दर सोलिटेअरपेक्षा (एकच मोठा हिरा) पुष्कळ कमी असतो आणि तिला मात्र सोलिटेअरचाच दर लावला होता. विचारल्यावर म्हणे वजन तर तेवढंच आहे ना!

लॅबग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेला, घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, तोही खराच हिरा असतो, सीव्हीडी किंवा एचपीएचटी पद्धतीने बनवलेला, नुसत्या डोळ्यांनी कोणालाच ओळखता येत नाही. फक्त तो नॅचरलच्या भावात घेऊ नका आणि परत विकताना फारसं काही मिळेल ही आशा ठेवू नका. साधा डायमंड टेस्टर त्याला हिराच दाखवतो, त्यामुळे दुकानात टेस्टर लावून दाखवला म्हणजे नॅचरल आहे असं समजू नका. जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचा रिपोर्ट मागा (दोन्हींच्या लॅब मुंबईतच आहेत), दुकानाने स्वतः छापलेलं सर्टिफिकेट नको. रिपोर्टचा नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघा, आणि हिऱ्याच्या कमरेवर (कडेच्या पट्टीवर) लेझरने नंबर कोरलेला असेल तर तो आयग्लासमधून (जवाहिऱ्याच्या भिंगातून) जुळवून घ्या.

आपल्या पेपरला माझी एक विनंती आहे. अंगठीच्या जाहिरातीत हिरा एक आहे की अनेक, नॅचरल आहे की लॅबग्रोन, हे कॅरेटच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरात छापायला सांगा. आणि गिऱ्हाइकांनीही बिलावर हिऱ्याचं वजन, कॅरेटचा दर, रिपोर्ट नंबर, सोन्याचं वजन आणि घडणावळ वेगवेगळं लिहून घ्यावं. दुकानदार तसं लिहून देत नसेल तर झवेरी बाजारात पुढचं दुकान दहा पावलांवर आहे.

एक वाचक, लालबाग, मुंबई