पाचशेत दोन 'सोलापुरी'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या मध्यंतरीच्या एका रविवारच्या अंकात तिसऱ्या पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात एक जाहिरात होती. 'अस्सल सोलापुरी चादरी, थेट विणकरांकडून. 500 रुपयांत दोन. फक्त तीन दिवस.' ठिकाण आमच्या घराजवळचं मंगल कार्यालय. कात्रण माझ्यापुढे आहे, त्यामुळे शब्दांत चूक नाही.

मी जन्माने सोलापूरचा, पूर्व भागातला. वडील यंत्रमागावर चादरी विणायचे, आई घरी विड्या वळायची. घरात तेलुगू, शाळेत मराठी. मागाला आम्ही मग्गम म्हणायचो आणि तो थांबला की झोपेतून जागे व्हायचो. चालू असताना कोणी जागं होत नसे. नोकरीसाठी चिंचवडला आलो त्याला आता अडतीस वर्षं झाली. तरी 'थेट विणकरांकडून' हे शब्द वाचले आणि चप्पल घालून निघालो. कारणही होतं. घरात पुतण्याचं लग्न होतं आणि आहेराला अकरा चादरी हव्या होत्या. सौभाग्यवती सोबत होत्या.

हॉलमध्ये चादरींचे ढीग. प्रत्येक पिशवीवर मोराचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत 'सोलापूर'. कारखान्याचं नाव नाही, पत्ता नाही. एक चादर उलगडली. सोलापुरी चादर जकार्ड मागावर, म्हणजे विणतानाच नक्षी उठवणाऱ्या मागावर, दुहेरी विणीने विणतात. वरच्या बाजूला लाल जमिनीवर पांढरं फूल असेल, तर खालच्या बाजूला तेच फूल लाल आणि जमीन पांढरी. उलटी-सुलटी असा भेद तिला नाही, दोन्ही अंगांनी वापरा. माझ्या हातातल्या चादरीच्या पाठीला नुसते सुटे धागे लोंबत होते. लहान मुलाची अंगठी अडकली तर फरकन निघतील असे.

विकणाऱ्या मुलाला विचारलं, 'माल कुठला?' म्हणाला, 'सोलापूर का ही है.' मी विचारलं, 'कोणती पेठ?' तो गोंधळला, मग हसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, 'चाचा, पानिपत का है. सब यही बेचते हैं.' त्या पोराचा मला राग आला नाही. खरं बोलणारा त्या हॉलमध्ये तो एकटाच होता.

एक चादर विकत घेतली. घरी आल्यावर तिचा धागा ओढून गॅसवर धरला, वडील काडी पेटवून करायचे तसं. सुती धागा कागदासारखा जळतो, हाताला भुरभुरीत राख लागते. हा वितळला आणि टोकाला काळी गुठळी झाली. 'लग्नघरात जाळपोळ नको,' असं ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच.

पानिपतशी माझं भांडण नाही. तिथेही माणसं मागापाशी उभी राहूनच पोट भरतात. जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून सूत काढून स्वस्त ब्लँकेटं करण्यात त्या गावाचा हातखंडा आहे आणि थंडीत फुटपाथवर झोपणाऱ्याला त्याच ब्लँकेटांचा आधार असतो. पानिपतची चादर पानिपतची म्हणून विका, मी स्वतः घेईन. पण सोलापूरच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव तिथल्याच मालाला लावता येतं. महाराष्ट्रात ज्या वस्तूंना ते आधी मिळालं, त्यांत ही चादर होती. मानांकनाचा कायदा 1999 चा आहे आणि खोटं मानांकन लावून माल विकणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. मंगल कार्यालयात तीन दिवस माल विकून चौथ्या दिवशी टेम्पो घेऊन पुढच्या गावी जाणाऱ्याला ती कोण देणार?

आता आमच्या घरातला हिशेब. हॉलमधली चादर अडीचशेची, सोलापूरची तेवढीच एकेरी चादर साडेसहाशेची. अकरा चादरींमागे फरक चार हजार चारशेचा, वर जाण्यायेण्याचं भाडं. मी पेन्शनर आहे. मी म्हटलं, सोलापूरहूनच आणायच्या. सौ. म्हणाल्या, 'तत्त्व तुमचं आणि आहेर हलका दिला म्हणून नाव माझं.' त्यांचं चुकीचं नव्हतं. लग्नात पिशवीच्या आत काय आहे ते कोण बघतं? पिशवीवर सोलापूर लिहिलं की झालं. शेवटी तडजोड झाली. जवळच्या सहा घरांना खरी चादर, बाकीच्या पाचांना पाकीट. त्या पाचांपैकी एक मावशी अजून फुगलेल्या आहेत.

गुरुवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने गेलो. (1930 च्या मार्शल लॉनंतर सोलापूरच्या ज्या चौघांना फाशी दिलं, त्यांची आठवण म्हणून गाडीला हे नाव आहे. डब्यातल्या पोरांना विचारलं तर कोणाला ठाऊक नव्हतं.) दुसऱ्या दिवशी पूर्व भागात ज्या दुकानातून वर्षानुवर्षं घेतो तिथे गेलो. मालक घाऊक भावाने देतो म्हणाले, पण सहा चादरींना घाऊक कोण म्हणेल? त्यांनी चहा पाजला आणि रडगाणंही ऐकवलं. सुताचे भाव वाढलेत, चादरीला गिऱ्हाईक कमी, सगळं काम टॉवेलांकडे वळलंय. त्यातून बाहेरचा माल आमच्याच गावाच्या नावाने अर्ध्या किमतीत येतो, मग आम्ही दोन्हीकडून मेलो. माझ्याबरोबर शाळेत असलेल्या एकाने चारही माग भंगारात घातले. त्याचा मुलगा हैदराबादला असतो. मागाचं नाव काढलेलं त्याला आवडत नाही.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर मी लबाड ठरेन. खरी चादर घेतली म्हणजे विणणाऱ्याच्या हातात चार पैसे जास्त पडतात, असं छातीठोकपणे मला सांगता येणार नाही. माझ्या वडिलांना नगावर मजुरी मिळायची. चादरीचा भाव वाढला म्हणून त्यांची मजुरी वाढलेली मी पाहिली नाही. ती वाढायची संप झाला की. आणि मे 2025 मध्ये अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याला आग लागली, आठ जण गेले. मालकाचं कुटुंब आणि कामगार एकाच इमारतीत राहत होते. ती बातमी वाचल्यापासून 'सोलापूरचं ते चांगलं' असं म्हणताना माझी जीभ अडखळते.

तरीही मी सोलापूरलाच जातो. त्या दुकानात मला विचारता येतं. हा माल कोणाच्या मागावरचा, कामगार किती, रात्री कारखान्याला बाहेरून कुलूप असतं का? गेल्या खेपेला हे शेवटचं विचारलं तेव्हा मालक चिडले. पण ज्यांचा माल ते विकतात त्या दोन्ही कारखानदारांची नावं त्यांनी सांगितली. मंगल कार्यालयात कोणाला विचारायचं? त्या हसणाऱ्या पोराला?

मी काही सगळीकडे असा वागत नाही. साखर-तेल जिथे स्वस्त तिथून आणतो. अंगातला बनियन तिरुपूरचा आहे, आणि तसं त्याच्यावर छापलेलंही आहे. माणूस दहा ठिकाणी तत्त्व पाळू शकत नाही. ज्या एका वस्तूतलं मला कळतं, तिथे मात्र मला कोणी मूर्ख बनवू नये एवढंच वाटतं.

म्हणून हे पत्र आपल्याला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तरतूद आहे, पण 'नेहमीच्या व्यवसायाचा भाग म्हणून छापली' एवढं प्रकाशकाने सिद्ध केलं की तो दंडातून सुटतो, हे मी वाचलं आहे. म्हणजे कायद्याने आपल्याला माझं ऐकण्याची सक्ती नाही. मानांकन असलेल्या वस्तूची जाहिरात घेताना आपल्या जाहिरात विभागाने मालाचं एक बिल तरी मागावं, कोणत्या गावाहून निघालं ते बघावं. पाच मिनिटांचं काम आहे.

ती अडीचशेची चादर मी स्कूटरवर टाकतो. दोन धुण्यांत फुलं विटली, पण धूळ चांगली अडवते. येत्या रविवारी ती जाहिरात पुन्हा आली तर 'सोलापुरी' खोडून 'पानिपतच्या चादरी, 500 रुपयांत दोन' असं छापा. या भावात लोक तरीही घेतील.

आपला,
एक सोलापूरकर वाचक
चिंचवड, पुणे