ताई, त्या रात्रीच्या फोनसाठी आणि नंतरच्या शनिवारांसाठी

ताई, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "ते जाऊ दे, बॅकअप घेतलास का" म्हणून विषयच बदलता, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहूनच टाकतो.

आमच्या कॅम्पसवर सीसीटीव्हीसाठी व्हीलॅन 40 (त्याच तारांवरचं वेगळं नेटवर्क) टाकायचा होता, 62 नेटवर्क स्विच, आणि मी पुटी (स्विचमध्ये दुरून शिरायचा प्रोग्रॅम) उघडून लॉगिन, कॉन्फ टी (बदल करायचा मोड), नोटपॅडमधून पेस्ट, राईट मेम (बदल कायमचा सेव्ह), मग पुढचा, असं दोन रात्री करत बसलेलो. दुसऱ्या रात्री अकराच्या सुमाराला हॉस्टेलच्या स्विचच्या अपलिंकवर (मुख्य नेटवर्ककडे जाणाऱ्या पोर्टवर) "स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन 40" मारलं, मधला "ॲड" राहिला. ॲड नसेल तर सिस्कोचा स्विच त्या पोर्टवरून जाऊ शकणाऱ्या व्हीलॅनची जुनी यादी पुसून फक्त 40 ठेवतो. ज्यावरून मी स्विचशी बोलत होतो तो मॅनेजमेंटचा व्हीलॅनपण गेला, सेशन गोठलं, अख्ख्या हॉस्टेलचं नेट बंद आणि दुसऱ्या दिवशी पोरांची ऑनलाईन परीक्षा. मला दरदरून घाम फुटला. तुम्ही एवढ्या रात्री फोन उचललात, एका शब्दाने ओरडला नाहीत, फक्त विचारलंत, "राईट मेम केलंस का?" नव्हतं केलं. "मग घाबरू नको, स्टार्टअप कॉन्फिग जुनंच आहे, जाऊन पॉवर काढून परत लाव." मी पळत रॅकपाशी गेलो, आणि स्विच बूट होऊन अपलिंकचा दिवा केशरीचा हिरवा होईपर्यंत तुम्ही फोन ठेवला नाहीत. ते मी कधीच विसरणार नाही.

आणि मग ते शनिवार. मला वाटलेलं तुम्ही तयार स्क्रिप्ट पाठवाल, पण तुम्ही नेटमिको इन्स्टॉल करायला लावलंत, स्क्रिप्टने स्विचमध्ये शिरून कमांड चालवणारी, किर्क बायर्सने पॅरामिको या एसएसएचच्या (सुरक्षित रिमोट लॉगिनच्या) लायब्ररीवर बांधलेली पायथनची लायब्ररी, आणि पहिल्या शनिवारी एकही बदल करू दिला नाहीत! फक्त शो रन (स्विचचं चालू कॉन्फिग) घ्यायचं आणि प्रत्येक स्विचच्या नावाने फाईलमध्ये ठेवायचं. तेव्हा कुरकुर केली, पण त्याच फाईली चाळताना कळलं की नऊ स्विचवर एनटीपीच (नेटवर्कवरून घड्याळ लावून घेणं) नाही, त्यांचं घड्याळ बूट झालं की 1 मार्च 1993 पासून चालू होतं, म्हणजे लॉगमधल्या वेळा इतकी वर्षं कुणी बघितल्याच नव्हत्या. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहिलेला दिसला तेव्हा मात्र तुम्ही खरंच चिडलात, गेटपास (स्क्रिप्ट चालवताना पासवर्ड विचारून घेणारं पायथनचं मॉड्यूल) वापरायला लावलंत, बरोबरच होतं ते.

नेटमिकोच्या सेंड कॉन्फिग सेटला कमांडची यादी दिली की काम होतं, हे कुणीही सांगेल, पण आधी एकाच स्विचवर चालव, आधीचं आणि नंतरचं शो रन समोरासमोर ठेवून फरक बघ, पिंग मिळाल्याशिवाय सेव्ह करू नको, लांबच्या अपलिंकला हात लावण्याआधी रिलोड इन 10 (दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट) दे आणि सगळं ठीक दिसलं की आठवणीने रिलोड कॅन्सल, हे तुम्ही शिकवलंत. त्या रात्री हे माहीत असतं तर स्विच दहा मिनिटांत आपोआप जागेवर आला असता.

गेल्या आठवड्यात सिसलॉग सर्व्हरचा (जिथे स्विचचे लॉग जमा होतात) आयपी बदलला. 61 स्विच बारा मिनिटांत झाले, फरकाच्या फाईली मी एकेक उघडून वाचल्या. उरलेला एक म्हणजे लायब्ररीतला जुना, तो अजून टेलनेटवरच (जुन्या, असुरक्षित रिमोट लॉगिनवर) आहे, स्क्रिप्टने त्याचं नाव लिहून ठेवलं आणि पुढे गेली. त्याच्या जागी नवीन मागवलाय, बसवला की लगेच कळवतो.

तुमचा,
हॉस्टेलचं नेट घालवलेला